आउटलुकचे शॉर्टकट फोल्डर आवरताय? आधी ती टिक काढा

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये डावीकडचे फेव्हरिट्स तुडुंब भरलेत, संपलेल्या टेंडरांचे सर्च फोल्डर (म्हणजे साठवून ठेवलेले शोध) अजून लोंबकळताहेत, म्हणून आवराआवर करायला बसणार असाल तर आधी एकाही फोल्डरला हात लावू नका. फाइलमध्ये जा, तिथून ऑप्शन्स, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड. ‘आउटलुक स्टार्ट अँड एग्झिट’ या भागात ‘एम्प्टी डिलीटेड आयटम्स फोल्डर्स व्हेन एग्झिटिंग आउटलुक’ अशी एक ओळ आहे. तिच्यापुढे टिक असेल तर काढा. आत्ता काढा, मग पुढचं वाचा.

कारण नीट समजून घ्या. फेव्हरिट्समध्ये दिसतो तो फोल्डर म्हणजे नुसती वाट. खरा फोल्डर खाली, आपापल्या खात्यात असतो. पण वरच्या वाटेवर राइट क्लिक केलं की एकाच मेन्यूत ‘डिलीट फोल्डर’ही असतं आणि ‘रिमूव्ह फ्रॉम फेव्हरिट्स’ही. दुसऱ्यानं फक्त वाट जाते. पहिल्यानं खरा फोल्डर आतल्या मेलांसकट डिलीटेड आयटम्समध्ये जातो. कीबोर्डवरची डिलीटची कळ पहिलंच काम करते. आउटलुक एकदा विचारतं, पण वीस वाटा काढायला बसलेला माणूस सातव्या-आठव्या वेळी न वाचताच ‘येस’ दाबतो. तोपर्यंतही काही बिघडलेलं नसतं, डिलीटेड आयटम्समधून फोल्डर ओढून परत जागेवर ठेवता येतो. ती टिक असेल तर मात्र संध्याकाळी आउटलुक बंद करताच डिलीटेड आयटम्स रिकामं होतं.

मग पुढे काय? खातं एक्स्चेंजचं (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरचं) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं असेल तर ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स फ्रॉम सर्व्हर’ आहे. तिथे मेल साधारणपणे १४ दिवस राहतात, अ‍ॅडमिननं मुदत वाढवली तर ३० दिवसांपर्यंत. पण परत येतात ते सुटे मेल, फोल्डर येत नाही. पुरवठादारानुसार लावून ठेवलेले चारशे मेल एका ढिगात येऊन पडतात आणि पुन्हा एकेक उचलून लावावे लागतात. पॉप खातं (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारं) असेल किंवा फोल्डर पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची संगणकावर मेल साठवायची फाइल) असेल तर सर्व्हरवरची ही सोयही नाही. गेलं ते गेलं. म्हणून ती टिक आधी काढायची. तेच खातं दुसऱ्या लॅपटॉपवरच्या आउटलुकमध्ये उघडत असेल तर तिथली टिकही काढा, कारण तिथे ती चालू राहिली तर ते बंद होतानाही हेच होईल. अ‍ॅडव्हान्स्डमध्येच खाली ‘प्रॉम्प्ट फॉर कन्फर्मेशन बिफोर परमनंटली डिलीटिंग आयटम्स’ आहे. ती टिक मात्र असू द्या. दोन्हींची गल्लत करू नका.

आता बॅकअप. फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट, मग पीएसटीत एक्स्पोर्ट. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ पाहून घ्या. इथे एक खड्डा आहे. एक्स्चेंज खात्यात किती महिन्यांचे मेल संगणकावर उतरवायचे ते एका स्लायडरवर ठरलेलं असतं. तो एका वर्षावर असेल तर पीएसटीतही वर्षभराचेच मेल येतात आणि कुठलाही इशारा मिळत नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये खातं निवडून ‘चेंज’ दाबा, स्लायडर ‘ऑल’वर न्या, आउटलुक बंद करून पुन्हा उघडा आणि खालच्या पट्टीवर ‘ऑल फोल्डर्स आर अप टु डेट’ येईपर्यंत थांबा. मोठ्या खात्याला रात्र लागते, लागू द्या. (ही मधली बंद-उघड करण्याआधीच टिक निघालेली हवी, म्हणून ते काम पहिलं.) एक्स्पोर्ट झाल्यावर पीएसटी उघडून फोल्डरवर क्लिक करा. खाली डावीकडे ‘आयटम्स: ४१२’ असा आकडा दिसतो. मूळ फोल्डरचा आकडाही तोच हवा. दोन-तीन महत्त्वाचे फोल्डर असे ताडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका. ही फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नका.

सर्च फोल्डरांचा कायदा वेगळा. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून जो बनतो तो फोल्डर म्हणजे साठवलेला शोध. तो अख्खा उडवला तरी एकही मेल जात नाही, बिनधास्त उडवा. पण त्याच्या आत शिरून मेल निवडला आणि डिलीट केला तर खराच मेल जातो. म्हणजे फेव्हरिट्सच्या बरोब्बर उलटं: तिथे फोल्डर डिलीट करणं धोक्याचं, इथे आतले मेल. एकाच बैठकीत दोन्ही आवरलं की हाताची सवय उलटसुलट होते. आज सर्च फोल्डर, उद्या फेव्हरिट्स असं वाटून घ्या. नाव तिरप्या अक्षरांत दिसलं तर घाबरू नका, तो शोध ताजा झालेला नाही एवढंच. क्लिक करा आणि थांबा.

तिसरी जागा शॉर्टकट्सची, कंट्रोल आणि ७ दाबलं की उघडते. इथे ‘डिलीट शॉर्टकट’नं फक्त शॉर्टकट जातो. गट करून ठेवा, सोपं आहे.

फेव्हरिट्स एक्स्पोर्ट करायचं बटण नाही, तेव्हा डावीकडच्या पट्टीचा स्क्रीनशॉट घ्या. वरपासून खालपर्यंत, दोन लागले तर दोन. रूल्सही (आलेले मेल आपोआप ठरल्या फोल्डरात टाकणारे नियम) एक्स्पोर्ट करून ठेवा: मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स, तिथे ऑप्शन्स. चुकून खरा फोल्डर गेला तर त्यात मेल टाकणारा रूलही मोडतो आणि नवे मेल इनबॉक्समध्येच साचत राहतात.

पट्टी बिघडली म्हणून कुणी ‘रीसेटनॅव्हपेन’ची आज्ञा चालवायला सांगेल. ती फेव्हरिट्स आणि शॉर्टकट्स दोन्ही पुसून पट्टी नव्यानं बनवते. स्क्रीनशॉट नसेल तर चालवू नका. वर उजवीकडचं नव्या आउटलुकचं बटण आवराआवर संपेपर्यंत दाबू नका.

मग सुरुवात. एका वेळी पाच वाटा, प्रत्येक वेळी ‘रिमूव्ह फ्रॉम फेव्हरिट्स’. पाच झाल्या की डिलीटेड आयटम्सच्या शेजारचा बाण उघडून आत एखादा फोल्डर आलाय का ते पाहा. आला असेल तर लगेच ओढून परत न्या. आउटलुक बंद करण्याआधी शेवटचं एकदा पाहा, आणि ती टिक आठवडाभर तरी परत लावू नका.