‘स्नो कंट्री’वर लिहिताय? साल आणि जागा लिहिताना या चुका टाळा

जपानी लेखक कावाबाता यासुनारींच्या ‘स्नो कंट्री’ या कादंबरीवर, म्हणजे मूळच्या ‘युकिगुनी’वर, कुणी मनापासून लिहिलं की खूप बरं वाटतं. पण साल आणि जागा आली की हमखास घोळ होतो.

सगळ्यात जास्त दिसणारं साल म्हणजे 1956. ते सायडेनस्टिकर यांच्या इंग्रजी भाषांतराचं आहे, आपल्या हातात बहुतेक वेळा तीच प्रत असते म्हणून तेच उचललं जातं, मीही एकदा उचललं होतं. मूळ लेखन 1935 पासून वेगवेगळ्या मासिकांत तुकड्यातुकड्यानं येत होतं, 1937 ला पुस्तक निघालं, तरी कावाबातांचं मन भरेना, ते परत परत त्यावर बसले आणि आज आपण वाचतो ती पूर्ण कादंबरी आली 1948 ला. मूळ लेखनाची ही तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त कुठलं कशाचं ते सोबत लिहा. कारण फरक मोठा आहे. रेशीमकोशांच्या गोदामाला लागलेली आग आणि वर पसरलेली आकाशगंगा, हा जो शेवट आपल्या डोक्यातून जात नाही, तो 1937 च्या पुस्तकात नव्हताच!

जपानी प्रत मिळाली तर शेवटचं पान बघा, त्याला ओकुझुके म्हणतात. तिथे शोवा 12 (शोवा म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं जपानी साल) असं असेल तर 12 मध्ये 1925 मिळवायचे, झालं 1937. त्याच पानावर पुनर्मुद्रणाची तारीखही असते, घाईत ती उचलू नका.

नोबेल 1968 चं, पण ते ‘या कादंबरीला मिळालं’ असं लिहू नका, ते लेखकाला मिळालं.

आता जागा. एवढा बर्फ म्हणजे उत्तरेकडचं होक्काइडो बेटच, असं धरून चालतात लोक. नाही, हे निइगाता, होन्शू बेटावरचं. सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि डोंगराच्या अलीकडेच सगळा बर्फ ओततात, पलीकडे टोक्योच्या बाजूला मात्र कोरडं. म्हणून तर कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात सीमेवरचा लांब बोगदा संपला की एकदम बर्फाचा मुलूख लागतो. गावाचं नाव कादंबरीत कुठेच नाही. कावाबाता निइगातातल्या युझावा गावी ताकाहान सराईत राहून लिहायचे, त्यामुळे ‘युझावावर बेतलेलं’ एवढंच म्हणा.

त्या पहिल्या वाक्यातली ‘सीमा’ पण देशाची नाही हां, जुन्या कोझुके आणि एचिगो प्रांतांची आहे, म्हणजे आजचे गुन्मा आणि निइगाता. बोगद्याचंही नाव दिलेलं नाही, पण तो शिमिझु, साधारण 9.7 किलोमीटरचा, 1931 ला सुरू झालेला, त्यामुळे कादंबरीचा नायक शिमामुरा याचा हा प्रवास त्याआधीचा असूच शकत नाही. आणि तिकडे जाऊन फोटो टाकणार असाल तर एक बघा, टोक्योकडून निइगाताला जाणारी साधी गाडी आता 1967 च्या नव्या बोगद्यातून जाते, शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, तर तिसराच, जुन्या शिमिझुतून जायचं असेल तर टोक्योकडे परत येताना साध्या गाडीनं या.