‘आउट ऑफ साइट’ म्हणजे दृष्टीआड सृष्टी नव्हे! इंग्रजी म्हणी वापरताना या चुका टाळा

शाळेच्या गाइडमध्ये शेवटच्या पानांवर एक तक्ता असायचा. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे तिची मराठी जोडीदारीण. तो आम्ही पाढ्यांसारखा घोकला. आज अनुवाद तपासायला बसले की निम्म्या चुकांचं मूळ त्या तक्त्यात सापडतं.

‘आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड’ घ्या. समोर हमखास ‘दृष्टीआड सृष्टी’. जोडी दिसायला झकास, पण इंग्रजी म्हण सांगते की माणूस नजरेसमोरून गेला की मनातूनही उतरतो. आपली म्हण सांगते की आपल्या पाठीमागे काय चालतं ते दिसत नाही, तेव्हा तिकडे काणाडोळा करावा. हॉटेलच्या भटारखान्यात डोकावू नये, ते दृष्टीआड सृष्टी. परदेशी गेलेला मित्र फोन करेनासा झाला, ते आउट ऑफ साइट. ‘एव्हरी डॉग हॅज हिज डे’समोर ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ लिहितात, तिथेही हाच घोटाळा. सासू-सुनेत सत्ता या हातातून त्या हातात जाते. इंग्रजीतल्या कुत्र्याला कुणाची सत्ता नको असते, एखादा बरा दिवस मिळाला तरी पुरे. सगळा तक्ता मात्र टाकाऊ नाही. आपल्या हत्यारांना दोष देणारा इंग्रज कारागीर आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही जोडी अगदी चपखल आहे.

हवामान विसरू नका

इंग्रजी म्हणींत ढग म्हणजे संकट आणि ऊन म्हणजे सुख. वर्षभर भुरभुर पाऊस असलेल्या बेटावर हे ठीकच. ‘प्रत्येक काळ्या ढगाला रुपेरी कडा असते’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत इतकं रुळलंय की ते आता कुणाला परकं वाटत नाही. पण जूनमध्ये मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे ऐकवून पाहा. त्याच्यासाठी काळा ढग हीच आनंदाची बातमी, त्याला आणखी कडा कशाला हवी? शिवाय मूळ शब्द ‘लायनिंग’, म्हणजे अस्तर. कवी मिल्टनच्या 1634 सालच्या नाट्यकाव्यात काळा ढग आपलं रुपेरी अस्तर रात्रीपुढे उलगडून दाखवतो. अंगरखा उलटा करावा तसं हे चित्र आहे. कडा त्याला आपण लावली. (वाईट नाही दिसत, हेही कबूल करते.)

‘वन स्वॉलो डझन्ट मेक अ समर’चं मराठीत ‘एका चिमणीने उन्हाळा होत नाही’ झालेलं मी किमान तीनदा खोडलंय. स्वॉलो म्हणजे चिमणी नव्हे, भिंगरी. ती इंग्लंडमध्ये एप्रिलच्या सुमारास परतते आणि सुखाचे दिवस जवळ आल्याची वर्दी देते. म्हणूनच म्हण बजावते की एक दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आपल्याकडे भिंगऱ्या येतात हिवाळ्यात, आणि उन्हाळ्याची वाट आंब्यांसाठी सोडली तर कोण बघतं? गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलच्या ग्रीक वाक्यात उन्हाळा नव्हताच, वसंत होता. इंग्रजांनी म्हण उचलली तीच आपल्या हवामानात बसवून घेतली. मग आपण चिमणीला उन्हात का उभं करावं? ‘एकावरून सगळ्याचा अंदाज बांधू नका’ असं सरळ लिहिलं तरी चालतं.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ला ‘वाहत्या गंगेत हात धुवून घ्या’ म्हटलं की अर्थ नासतो. कापलेलं गवत वाळायला सलग काही कोरडे दिवस लागतात, मध्येच पाऊस आला तर ते कुजतं आणि गुरांची हिवाळ्याची वैरण जाते. म्हण घाम गाळणाऱ्याची आहे. वाहत्या गंगेत हात धुणारा मात्र थोडा लबाड असतो, दुसऱ्याच्या सोयीवर आपलं साधून घेणारा. मी तिथे ‘ऊन आहे तोवर वाळवण उरकून घ्या’ असं लिहिते. कुरडया गच्चीवर घातलेल्या कुठल्याही घरात हे समजावून सांगावं लागत नाही.

ओळखीचा शब्द, जुना अर्थ

‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’मधलं ‘प्रूफ’ पुरावा नाही, पारख आहे. आणि पुडिंग म्हणजे जेवणानंतरचं गोड नव्हे. जुन्या इंग्लंडमध्ये जनावराच्या आतड्यात मांस वगैरे भरून उकडलेला तो पदार्थ असे. आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही, म्हणून खाऊनच पाहायचं. हल्ली लोक ‘प्रूफ इज इन द पुडिंग’ एवढंच म्हणतात, म्हणजे पुरावा पुडिंगमध्ये दडवून ठेवलाय!

‘हॅव युअर केक अँड ईट इट’मध्ये ‘हॅव’ म्हणजे शिल्लक ठेवणं. लाडू खायचाही आणि डब्यात तसाच राहायलाही हवा, असा हट्ट. जॉन हेवूडच्या 1546 सालच्या म्हणीसंग्रहात ‘खाणं’ आधी आहे आणि ‘ठेवणं’ नंतर, आणि तोच क्रम जास्त पटतो. या क्रमाला गुन्हेगारीच्या इतिहासातही जागा मिळाली. टपालाने बाँब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचा लांबलचक जाहीरनामा 1995 मध्ये अमेरिकेत छापून आला, त्यात ही म्हण जुन्या क्रमाने होती. त्याच्या जुन्या पत्रांतही तशीच सापडली. भावाला लिखाण ओळखीचं वाटलं होतं, अशा खुणा जुळत गेल्या आणि एप्रिल 1996 मध्ये तो पकडला गेला.

‘क्युरिऑसिटी किल्ड द कॅट’मधल्या मांजराचंही तसंच. मूळ म्हणीत तिला कुतूहलाने मारलं नव्हतं, ‘केअर’ने, म्हणजे चिंतेने मारलं होतं. बेन जॉन्सनच्या 1598 च्या नाटकात ती अशीच येते. कुतूहलावर आळ आला तो एकोणिसाव्या शतकात.

वादात ब्रह्मास्त्र म्हणून ‘अपवाद’ फेकू नका

ही माझी सर्वांत नावडती चूक. कुणी आपल्या मताविरुद्धचं उदाहरण दिलं की ‘अपवादानेच नियम सिद्ध होतो’ म्हणून मोकळं व्हायचं. असं असेल तर जितकी विरुद्ध उदाहरणं तितका नियम पक्का! म्हणीमागे कायद्यातलं तत्त्व आहे. इसवी सनापूर्वी 56 मध्ये रोमन वकील आणि वक्ता सिसेरोने बाल्बसच्या नागरिकत्वाच्या खटल्यात ते वापरलं. काही जमातींच्या तहांत ‘यांना रोमचं नागरिकत्व देऊ नये’ असं कलम होतं. म्हणजे ज्या तहांत ते नाही, तिथे देता येतं, असा त्याचा युक्तिवाद. सलूनबाहेर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी असते. इतर दिवशी दुकान उघडं असतं हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, तरी आपण समजतो. अपवाद नियम सिद्ध करतो तो असा.

‘खरी, पूर्ण म्हण’ फॉरवर्ड करू नका

‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’ म्हणजे रक्ताचं नातं सगळ्यांत घट्ट. तिचा मूळ अर्थ उलटा होता, करारातलं रक्त गर्भातल्या पाण्यापेक्षा दाट, असं सांगणारा मेसेज तुम्हालाही आला असेल. जुन्या लिखाणात याला आधार नाही, हे वाक्य विसाव्या शतकाच्या अखेरचं आहे. ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’ला जोडलेली ‘तरी एकात निपुण असण्यापेक्षा बरा’ ही पुस्तीसुद्धा अगदी अलीकडची. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ला उद्या कुणी अशी शेपटी लावली तर आपण हसूच ना?

कुणासमोर बोलताय ते पाहा

इंग्रजी म्हणींत कुत्रा घरचा असतो, मराठीत तो बहुधा शिवीच्या आसपास फिरतो. एका कार्यालयात निवृत्तीचा समारंभ होता. तरुण सहकाऱ्याने कौतुकाने सांगितलं, ‘म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकवता येत नाहीत म्हणतात, पण आपल्या साहेबांनी ते खोटं ठरवलं. निवृत्तीच्या उंबरठ्यावर एक्सेल शिकले!’ साहेब मनापासून हसले, टाळ्याही पडल्या. माझ्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या हळूच माझ्याकडे झुकल्या आणि म्हणाल्या, “अहो, कुत्रा कुणाला म्हणाला हा?”