खोल समुद्रातल्या शंखाची जात ठरवताना

शंख हातात आला की लगेच नाव देऊ नका. एकाच जागचे लहान-मोठे नमुने ओळीने मांडा, वाढीबरोबर उंची-रुंदी कशी बदलते ते कॅलिपरने मोजा. मोठ्यांचं टोक बहुधा झिजलेलं असतं, म्हणून मी पिल्लं जिवापाड जपते. त्यांच्या टोकाशी अळीअवस्थेतलं कवच शाबूत सापडतं.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. हिंदी महासागरातल्या उष्ण झऱ्यांजवळची खवलेपायी गोगलगाय काइरेई इथे लोह सल्फाइडमुळे काळी, सॉलिटेअर इथे पांढरी, जात एकच! उलट अल्विनीकोंका या उष्ण झऱ्यांजवळच्याच गोगलगायींच्या गटातल्या जाती दिसायला सारख्या, खात्री डीएनएनेच होते. म्हणून पायाचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये नको. गोगलगायीच्या तोंडातली बारीक दातांची पट्टीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.