शिडाची होडी ट्रेलरवरून सोडताना

तयारी आदल्या रात्री सुरू होते, गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून. आणि होडी सोडायची वेळ नव्हे, परत वर घ्यायची वेळ आधी ठरवा. सोडताना पाणी कमी असेल तर फार तर तास-दीड तास थांबावं लागतं. घेताना कमी असेल तर अंधारात, चिखलात उभं राहावं लागतं. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती आणि सुकतीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, आणि नदीकाठच्या होडी उतरवायच्या कित्येक उतारांचं काँक्रीट सुकतीचं पाणी लागण्याआधीच संपतं. पुढे नुसता गाळ. एका पौर्णिमेला मी अकराच्या भरतीला मजेत होडी सोडली आणि पाचला परत आलो, म्हणजे बरोबर सुकतीत. ट्रेलर मागे घेताना गाळात तिसऱ्या (शिंपल्या) वेचत बसलेली एक बाई ओरडली, "बाब, चाक सकयल (खाली) गेलें!" तोवर चाक काठावरून उतरलंच होतं. तिनेच कुठूनशी एक फळी आणून दिली. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा जुना हिशेब अंदाजाला चांगला आहे. पण ट्रेलर अंदाजावर लावू नये.

उतार दिवसाउजेडी, सुकतीच्या वेळी एकदा पायी चालून बघा. काँक्रीट कुठे तुटतं, लोखंडी सळी कुठे वर आली आहे, हे भरतीला दिसत नाही. रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी, कुठ्ठाळी-मडकई अशा जिथे फेरीबोट चालते तिथला उतार आपला नाही हे धरून चला. फेरी तोंड टेकवते, माणसं-स्कूटर उतरतात, आणि त्यांच्या मध्ये आपली गाडी आडवी असली की शिव्या रास्तच असतात. तिथल्या फेरीवाल्यांना विचारल्याशिवाय ट्रेलर खाली नेऊच नये. पूल झाल्यावर ओस पडलेले जुने उतार निवांत खरे, पण तिथे वर्दळ नाही म्हणून शेवाळ दुप्पट. सोबत जाड काथ्याची दोन पायपुसणी ठेवा, गाडीच्या चाकांखाली घालायला. मासे उतरवायची वेळ असेल तर थांबा आणि कुणाच्या वाळत घातलेल्या जाळ्यावर चाक घालू नका.

आता मुख्य काम, आणि ते सगळं वर, रस्त्याच्या कडेला करायचं. डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून बघा: विजेच्या तारा आहेत का? नुसत्या डोक्यावर नव्हे, इथून पाण्यापर्यंतच्या वाटेवरही. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागली तर पुढचं सांगायला नको. तारा असतील तर जागा बदला, "वाकवून नेऊ" म्हणू नका. मग डोलकाठीच्या ताणतारा, शॅकल (जोडकड्या), स्प्लिट पिना एकेक हात लावून तपासा. सुकाणू बसवा पण पातं वर बांधून ठेवा, सेंटरबोर्डही (तळातून पाण्यात उतरणारी फळी) वर. शीड जोडून गुंडाळलेलंच राहू द्या. ट्रेलरवर शीड फडकवलं की होडी तिथूनच निघायला बघते. होडीच्या तळाचं बूच लावलं का? माझं बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं, लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही. लाइफ जॅकेट अंगावर इथेच चढवा. वल्ही, नांगर, पाणी उपसायला डबा आणि वॉटरप्रूफ पिशवीत मोबाइल.

या सगळ्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि ती वाया जात नाहीत. फोंड्याहून किंवा मडगावहून ट्रेलर ओढून आणल्यावर बेअरिंगं तापलेली असतात. तशीच थंड खाऱ्या पाण्यात बुडवली तर आतली गरम हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. हात लावून थंड झाली आहेत हे बघा. दिव्यांच्या वायरचा प्लग काढा. मागचे पट्टे सोडा, पण नाळेची (पुढच्या टोकाची) दोरी आणि विंच (ती गुंडाळायचा रहाट) होडी तरंगेपर्यंत सोडायची नाही. उतारावर घसरलेली होडी थेट काँक्रीटवर येते.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर ज्या बाजूला हवा त्या बाजूला हात न्या, एवढंच गणित. सीटबेल्ट काढलेला, काचा खाली, रेडिओ बंद. गाडीची मागची चाकं ओल्या शेवाळावर जाण्याआधी थांबा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांमागे ठोकळे लावा. सोबतच्या माणसाच्या हातात आधीच लांब दोरी द्या. होडी तरंगली की तिला बाजूला बांधा आणि गाडी लगेच वर न्या. उतारावर पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

वाऱ्याचं एक. सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, होडी सहज सुटते आणि तितक्याच सहज लांब जाते. दुपारी समुद्रावरून वारा चढतो. तेव्हा दोना पावला-करंजाळेच्या बाजूला किनाऱ्यावरून निघणंच अवघड, म्हणून नवख्यांनी नदीच्या आतल्या भागात शिकावं. मांडवी-झुआरी नद्यांत बार्ज (मालवाहू मोठी बोट) दिसली की वाट आपण सोडायची, तिला चटकन वळता येत नाही. आणि पावसाळ्यात नदीच्या मुखाकडे जाऊच नये. यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते.

घरी आल्यावर आधी चहा नको, आधी नळी. ट्रेलरची चाकं, हिच (गाडीला जोडायचा भाग), विंच, पट्ट्यांचे बकल, सगळं गोड्या पाण्याने धुवा, आणि बूच काढून होडीतलं पाणी वाहू द्या. काढलेलं बूच पुन्हा किल्लीला बांधा.