पूर्व भागात बंद कारखान्यात छोटा रंगमंच सुरू करायचा असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागात बंद पडलेले यंत्रमाग कारखाने बरेच दिसतात, माग भंगारात गेलेत पण शेड उभंच आहे. आणि त्याच भागात हलगीवाले, गोंधळी, यल्लम्माचे जोगती, रॅप करणारी पोरं, बतुकम्माची (तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणाची) गाणी म्हणणाऱ्या अक्का पण राहतात. हुतात्मा स्मृती मंदिर आपल्याकडे आहेच, पण एवढं मोठं थेटर भाड्यानं घेऊन भरवणं ह्या लोकांच्या आवाक्यातलं नाही. त्यांना गल्लीतलीच, पन्नास-साठ माणसं मावतील अशी जागा पाहिजे.

जागा बघायच्या आधी कलावंतांना भेटा. त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा, कारण सगळं त्यावरच ठरतं. विडी वळणाऱ्या बाईला दर हजार विड्यांमागं मजुरी मिळते, विड्या जमा करून, घरचं आवरून तिला मोकळा वेळ किती उरतो ते तीच सांगणार, आपण परस्पर सहाची वेळ लावून टाकायची नाही. हलगीवाले गणपतीत आणि १४ एप्रिलच्या आसपास बुक असतात, वारीच्या दिवसात भजनी मंडळी पंढरपूरच्या वाटेवर असतात, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असली की सगळं गाव होम मैदानावर, त्या दिवसात कार्यक्रम ठेवूच नका. चालवणाऱ्या कमिटीत निम्म्याहून जास्त कलावंतच घ्या, त्यात बाया आणि तृतीयपंथी कलावंत पाहिजेतच, नुसतं सत्काराला बोलवून भागत नाही.

आता शेड. माग जिथं बसवलेले असतात तिथं जमिनीतून बोल्ट वर आलेले राहतात, ते ग्राइंडरनं कापून सिमेंटनं सपाट करून घ्या, अनवाणी नाचणाऱ्याचा पाय फाटतो नाहीतर. फरशीवर वर्षानुवर्षाचं तेल मुरलेलं असतं, लाकडाचा भुसा टाकून एक रात्र ठेवायचा, झाडून काढायचा आणि मग धुण्याच्या सोड्यानं घासायचं, एकदा नाही निघालं तर परत. वर अँगलवर सुताचा भुरका साचलेला असतो तो आधी काढा, गाणाऱ्याच्या घशात जातो आणि ठिणगी पडली तर भडकन पेटतो. वायरिंग जुनं असेल तर वायरमनकडून नवीनच करून घ्या, ह्यात पैसे वाचवू नका, आणि बाहेर पडायला दुसरं दार हवंच.

पत्र्याखाली आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. त्यावर आपल्याकडंच औषध आहे, जाड सोलापुरी चादरी. भिंतीला चिकटवून ताणायच्या नाहीत, वीतभर अंतर सोडून चुण्या पाडून लटकवायच्या, मागच्या भिंतीला डबल, आणि डाग पडलेला माल कुणाकडं असला तर मागून घ्या, स्वस्तात पडतो. हलगीला माइक लावू नका, बंद शेडात तिचा आवाज तसाच खूप होतो. पण हलगी शेकायला बाहेर मोकळी जागा आणि थोडं गवत-कागद ठेवा, पावसाळी हवेत कातडं सैल पडतं आणि शेकल्याशिवाय ती बोलतच नाही. स्टेज फुटभर उंच पुरे, गोंधळ तर खालीच होऊ द्या, लोक सतरंजीवर गोल बसतील.

कपडे बदलायची खोली आणि आतून कडी लागणारं, पाणी असलेलं संडास-बाथरूम, हे नसेल तर उद्घाटन पुढं ढकला. माझं ह्याबद्दल ठाम मत आहे. बायका आणि तृतीयपंथी कलावंत येत नाहीत त्याचं अर्धं कारण हेच असतं. उन्हाळ्यात पत्रा रात्री आठपर्यंत तापलेला असतो, छतावर पांढरा चुना मारा आणि एप्रिल-मेमध्ये कार्यक्रम उशिरा धरा, पण स्पीकर रात्री १० ला बंद झाला पाहिजे.

कागदपत्रं: संस्था करायची तर किमान ७ सभासद लागतात, नोंदणी धर्मादाय कार्यालयात. स्पीकरची परवानगी पोलीस स्टेशनातून घ्या, आणि नाटक असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते, ते वेळेत करा.

पैशाचं असं, कलावंताचं मानधन आधी ठरवा, बाकी खर्च नंतर. तुम्हाला व्यासपीठ मिळतंय की, असं म्हणून फुकट बोलवायची सवय आपल्याकडं फार आहे, ती ह्या जागेत नको. विडी वळणाऱ्या बाईची संध्याकाळची मजुरी बुडते, साथीदारांचा रिक्षाखर्च होतो. त्याच रात्री हातात रोख किंवा फोनवर द्या आणि झोळी फिरवली तर त्यात किती आले ते सगळ्यांसमोर मोजा. तिकीट ठेवायचं तर शेजारच्या गल्लीतल्या माणसाला जमेल एवढंच ठेवा. प्रचार रिक्षातून करा, मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी चारही भाषेत, आणि सांगणारी पोरं त्याच गल्लीतली घ्या.

एक काम लोक विसरतात. म्हाताऱ्या कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, पण अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे लागतात आणि आयुष्यभर यात्रेत वाजवलेल्या माणसाकडं एक कागद नसतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचं तारीख-शिक्क्याचं प्रमाणपत्र द्या, पूर्ण नाव आधार कार्डवर आहे तसंच लिहा, पत्रकाची एक प्रत आणि फोटो जोडा, आणि ह्या सगळ्याची दुसरी प्रत जागेतल्या कपाटात फाइल करून ठेवा.