टेलव्हील विमानाची चाचणी आणि उतरण्याचा सराव : या चुका टाळा

घरी बांधलेल्या टेलव्हील विमानाची (दोन मुख्य चाके पुढे आणि छोटे चाक शेपटीखाली असलेल्या विमानाची) चाचणी वजनकाट्यापासून सुरू होते आणि पहिली चूक बहुधा तिथेच घडते. उसाच्या बैलगाडीत मागे भार वाढला की गाडी उलाळते, हे चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विमानाचा गुरुत्वमध्य (सगळा भार जिथे तोलला जातो तो बिंदू) मागच्या मर्यादेपलीकडे गेला, तर स्टॉल झाल्यावर, म्हणजे वेग घटून पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली येईलच याची खात्री राहत नाही. म्हणून तिन्ही चाकांखाली काटे ठेवून आणि शेपटी उचलून, विमान उड्डाणातील समपातळीत आणूनच वजन करावे.

डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी येण्यापूर्वी विमान नुसते वेगाने पळवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण शेपटी उचलताच प्रोपेलरच्या परिणामामुळे नाक एका बाजूला ओढले जाते आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) एकदम मिटल्यावर तो ओढा नाहीसा होतो, पण पाय मात्र रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पॅडलवर जुन्याच दाबाने रोवलेला असतो.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक जादा वेगाची आहे. सुरक्षित उंचीवर, उतरतानाच्याच स्थितीत, स्वतःच्या वेगमापकावर स्टॉलचा वेग नोंदवावा आणि त्याच्या १.३ पट वेगाने धावपट्टीकडे यावे. स्टॉल ४० नॉटवर (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) होत असेल तर हा वेग ५२ नॉट येतो. ‘असू द्या थोडा जास्त’ म्हणून दहा टक्के वाढवले, तर चाकांना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. त्यात बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३६ अंशांवर गेले की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. मापकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण वारा शांत असतानाही विमान जमिनीवरून सुमारे आठ टक्के अधिक वेगाने धावत असते. किनारपट्टीवर शिकलेल्या वैमानिकाने याची विशेष जाणीव ठेवावी आणि सुरुवातीचा सराव सकाळच्या थंड वेळीच करावा.

चाके टेकताच पाय सैल सोडणे ही दुसरी मोठी चूक होय. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे नाक जरा वळले की मागचा भार ते वळण आपोआप वाढवत नेतो आणि क्षणात ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गरकन फिरते. तीन चाकांवर उतरल्यानंतर स्टिक (हातातला नियंत्रण दांडा) पूर्ण मागे धरावी आणि विमान थांबेपर्यंत रडरवर लहान-लहान, पण त्वरित दाब देत राहावे. विमान उसळले तर नाक खाली दाबू नये. उसळी लहान असेल तर तीच स्थिती राखून किंचित शक्ती द्यावी आणि मोठी असेल तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा फेरी घ्यावी.

विमान प्रत्येक वेळी एकाच बाजूला ओढत असेल, तर पायांना दोष देण्यापूर्वी टायरमधील हवा, घासणारा ब्रेक आणि चाकांची सरळ रेषा तपासावी. मागचे चाक थरथरत असेल तर त्याला धरणारी पानाची (पोलादी पट्ट्यांची) स्प्रिंग दबली आहे का, ते पाहावे. ती सपाट झाली की चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते तो उभा आस वरच्या टोकाला पुढे झुकतो आणि थरथर सुरू होते.

पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सांबऱ्याच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीला बराचसा समोरून मिळतो. तरीही तो तीस अंशांनी तिरका असेल, तर २० नॉटच्या वाऱ्यातले १० नॉट आडवे लागतात. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर राहील अशी स्टिक वाऱ्याकडे झुकवावी आणि वारा पुढून येत असेपर्यंत ती तशीच धरावी; जमिनीवर वळून वारा मागून येऊ लागला तर ती वाऱ्यापासून दूर झुकवावी.