समोरच्याला जातीयवादी म्हणायच्या आधी हे विचारा

आरक्षणाचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी कुणाला तरी जातीयवादी म्हणतं आणि चर्चा तिथेच संपते. आता जातीयवाद आहेच, खूप आहे, आणि दिसला तिथे बोललंच पाहिजे, त्यात काही वाद नाही, पण आधी समोरचा हे का बोलतोय ते काढून घ्या.

नेहमीचं वाक्य घ्या, "आरक्षण आर्थिक निकषावर द्या." एवढ्यावरून कुणाची मानसिकता ठरवता येत नाही, कारण सुप्रीम कोर्टानेच 1992 ला इंद्रा साहनी केसमध्ये फक्त आर्थिक निकषावरचं 10 टक्के आरक्षण रद्द केलं आणि 2022 ला घटनादुरुस्तीनंतरचं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण, 3 विरुद्ध 2 ने वैध ठरवलं, म्हणजे कोर्टातही यावर दोन्ही बाजूंनी निकाल आहेत. मग असं बोलणाऱ्या कुणाच्या पोरीची नीटमध्ये थोडक्यात सीट हुकलेली असते, कुणाला आरक्षण म्हणजे गरिबांसाठीची स्कीम वाटत असते आणि ओबीसींना क्रीमी लेयर लागतं, म्हणजे त्यांच्यातल्या सधन घरांना आरक्षण मिळत नाही, हेही ठाऊक नसतं, आणि कुणाच्या मनात खरंच तिरस्कार असतो. वाक्य तिघांचं सेम.

म्हणून पहिलं विचारा, "काका, हे तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?" आणि मग गप्प बसा, मध्येच मंडल आयोग काढू नका. पोरीच्या अॅडमिशनचं दुःख बाहेर आलं तर त्या दिवशी आकडेवारी राहू द्या, त्या माणसाला ती ऐकूच येणार नाहीये.

मेरिटवर गाडी आली तर विचारा, "आणि कमी मार्क असून पैसे भरून मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतात त्यांचं काय?" ज्याला मेरिटचीच काळजी आहे तो म्हणेल ते पण बंद करा. "ते वेगळं" म्हणाला तर वेगळं कसं ते शांतपणे विचारत राहा, माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं. आणि "त्या लोकांची लायकीच नाही" असं आलं की विचारण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा गुळमुळीत बोलू नका, सरळ सांगा, "काका, हे तुम्ही आत्ता अख्ख्या समाजाबद्दल बोललात, हे जातीयवादी बोलणं आहे." बोट त्या वाक्यावर ठेवा, म्हणजे "मी तसा माणूस नाही" म्हणून त्यांना निसटता येत नाही.

हे सगळं शक्यतो चारचौघात नको, बाजूला घेऊन करा, लोकांसमोर कुणीच माघार घेत नाही.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून वाटतं. ज्यांनी आयुष्यभर आडनावावरून टोमणे ऐकलेत त्यांच्याकडून या धीराची अपेक्षा धरू नका. दलित मित्र चर्चेतून उठून गेला तर जाऊ द्या, प्रश्न विचारत बसायचं काम आपण खुल्या गटातल्यांनी करायचं.